ह्यू थॉम्पसन : एका निवृत्त लष्करी वैमानिकाचे चरित्र

मोठेपणी कोण होणार, असा प्रश्न वसतिगृहातील मुलांना विचारला तर सैन्य, पोलीस आणि विमान हे तीन शब्द हमखास कानी पडतात. यात नवल काही नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार हे सैन्याच्या शाळेत शिक्षक होते; गणवेश आपल्या घरांना परका नाही. आमच्या पालकांमध्ये निवृत्त जवान आहेत, आणि माजी विद्यार्थ्यांपैकी काही आजही सीमेवर सेवा बजावीत आहेत. म्हणूनच या स्मरणिकेसाठी अभ्यासलेख लिहिण्याचे ठरले तेव्हा एका लष्करी वैमानिकाचे चरित्र मांडावे, असा विचार मनात आला. मात्र या वैमानिकाने शत्रूची विमाने पाडली नाहीत, उंचीचा वा वेगाचा विक्रमही केला नाही. एका सकाळी त्याने आपले हेलिकॉप्टर आपल्याच सैनिकांसमोर उतरवले. त्या काही तासांची किंमत त्याने पुढची तीस वर्षे मोजली.

ह्यू क्लॉवर्स थॉम्पसन यांचा जन्म १५ एप्रिल १९४३ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अटलांटा येथे झाला. बालपण जवळच्याच स्टोन माउंटन या गावी गेले. वडील विजेची कामे करीत व नौदलाच्या राखीव दलातही होते. आजी चेरोकी या मूळनिवासी जमातीची होती. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना वेगळी शाळा, वेगळे बाक, वेगळे नळ असण्याचा तो काळ. आपल्या वाचकांना त्या व्यवस्थेचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. थॉम्पसन यांच्या घरी मात्र वंशभेदाला थारा नव्हता. आईवडील कडक शिस्तीचे होते आणि दुर्बलाला कोणी छळत असेल तर मध्ये पडायचे, ही त्या घरची रीत होती.

१९६१ मध्ये ते नौदलाच्या बांधकाम पथकात दाखल झाले व तेथे त्यांनी अवजड यंत्रे चालवली. १९६४ मध्ये सेवामुक्त होऊन घरी परतल्यावर त्यांनी अंत्यसंस्कार व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले व त्या व्यवसायाचा परवानाही मिळवला. मृतांची विटंबना होऊ न देणे हेच ज्याचे काम, असा हा माणूस दोन वर्षांनी पुन्हा गणवेशात आला. व्हिएतनामचे युद्ध पेटले होते, म्हणून १९६६ मध्ये त्यांनी भूसेनेत नाव नोंदवले. टेक्सास व अलाबामा येथे हेलिकॉप्टर चालवण्याचे शिक्षण पुरे करून डिसेंबर १९६७ च्या अखेरीस ते व्हिएतनामला पोहोचले. त्यांचा हुद्दा वॉरंट ऑफिसरचा होता. हा हुद्दा सार्जंटच्या वर, पण सनदी अधिकाऱ्यांच्या खाली. लेफ्टनंटला आज्ञा देण्याचा अधिकार त्यात नाही. पुढील प्रसंग समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

थॉम्पसन यांचे यान ओएच-२३ या जातीचे, टेहळणीचे लहान हेलिकॉप्टर होते. पुढचा सारा भाग काचेसारख्या पारदर्शक बुडबुड्याचा असल्यामुळे वैमानिकाला पायांखालची जमीनही दिसे. झाडांच्या शेंड्यांलगत सावकाश उडायचे आणि लपलेल्या शत्रूला गोळी झाडण्याचा मोह पाडायचा, हे त्याचे काम. गोळी आली की वर घिरट्या घालणारी सशस्त्र हेलिकॉप्टरे त्या जागेवर तुटून पडत. थोडक्यात, हे यान म्हणजे आमिष होते. यानात तिघे असत. थॉम्पसन तेव्हा पंचविशीला पोहोचायचे होते, यानप्रमुख ग्लेन अँड्रिओटा वीस वर्षांचे व मशीनगन सांभाळणारे लॉरेन्स कोलबर्न अवघे अठरा वर्षांचे. आपल्या बारावीच्या वर्गातील मुलाच्या वयाचा तो सैनिक होता, हे पालकांनी क्षणभर डोळ्यांसमोर आणावे.

१६ मार्च १९६८. क्वांग न्गाई प्रांतातील सोन माय हे भातशेतीचे गाव, आणि त्याची एक वाडी अमेरिकी नकाशावर माय लाय-४ म्हणून नोंदलेली. त्या परिसरात व्हिएतकाँगची एक बटालियन दडली आहे व सकाळी सातपर्यंत गावकरी बाजाराला निघून गेलेले असतील, अशी माहिती सैनिकांना देण्यात आली होती. दोन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. कॅप्टन अर्नेस्ट मेडिना यांच्या चार्ली कंपनीचे सैनिक साडेसातच्या सुमारास उतरले तेव्हा गावात म्हातारी माणसे, बायका आणि मुले होती; न्याहारी शिजत होती. या कंपनीने आधीच्या आठवड्यांत सुरुंगांत व छुप्या स्फोटकांत माणसे गमावली होती. दोनच दिवसांपूर्वी एक सार्जंट मारला गेला होता. हा संताप खरा होता. परंतु त्या सकाळी गावातून त्यांच्यावर कोणीही गोळी झाडली नाही.

थॉम्पसन यांना वरून प्रथम एवढेच कळले की आमिषाला कोणी धरत नाही. नंतर भातखाचरांत आणि रस्त्याकडेला पडलेली माणसे दिसू लागली. काही जिवंत होती. जखमी दिसेल तेथे हिरव्या धुराचे नळकांडे टाकायचे, म्हणजे जमिनीवरील सैनिक मदतीस येतील, अशी पद्धत होती. त्यांनी तसे केले. इंधन भरून परत आले तेव्हा खुणा केलेल्या जागेवरील जखमी मेलेले होते. एका जखमी स्त्रीजवळ त्यांनी अशीच खूण केली आणि काही अंतरावर थांबून पाहू लागले. एक कॅप्टन तिच्याजवळ आला, पायाने तिला हलवले, मागे सरकला व गोळ्या झाडल्या. तो कॅप्टन मेडिना होता. मदतीसाठी केलेली खूण मारणाऱ्यांना वाट दाखवीत होती, हे तिघांना उमगले.

पुढे पाटाचा एक चर लागला. तो माणसांनी भरला होता. थॉम्पसन यांनी यान उतरवून तेथील सार्जंटला विचारले की यांतील जिवंतांना मदत करता येईल काय. त्यांच्या हालअपेष्टा संपवणे हीच मदत, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. एवढ्यात लेफ्टनंट विल्यम कॅली आले. हे चालले आहे काय, असे थॉम्पसन यांनी विचारले. आपण आज्ञेनुसार काम करीत आहोत आणि जमिनीवरचा कारभार आपला आहे, तुम्ही तुमचे काम पाहा, असा कॅली यांच्या बोलण्याचा आशय होता. हुद्द्याने खालचा असलेला वैमानिक मागे फिरला. यान वर उठते न उठते तोच अँड्रिओटांनी खाली पाहून सांगितले की सैनिक चरात पुन्हा गोळ्या घालीत आहेत.

येथे किंचित थांबावेसे वाटते. आजवर सांगितले ते सारे पाहूनही थॉम्पसन यांनी जे केले ते नियमात बसणारे होते : खूण करणे, बिनतारी यंत्रावरून तक्रार करणे, वरिष्ठाला विचारणे. सज्जन माणूस बहुधा येथपर्यंत येतो आणि मी माझे काम केले असे म्हणून घरी जातो. त्यांना दोष द्यायला कोणी पुढे आले नसते.

वाडीच्या एका टोकाला काही गावकरी भुयारी आसऱ्याकडे धावताना दिसले. मागून सैनिक येत होते. थॉम्पसन यांनी हेलिकॉप्टर या दोहोंच्या मध्ये उतरवले. तेथील लेफ्टनंटला त्यांनी सांगितले की आत बायकामुले आहेत, त्यांना बाहेर काढू या. त्यांना बाहेर काढायचा मार्ग म्हणजे हातबॉम्ब, असे उत्तर आले. यापेक्षा चांगला मार्ग माझ्यापाशी आहे, तुमची माणसे जागीच थांबवा, असे त्यांनी बजावले. मग आपल्या दोन साथीदारांना ते म्हणाले की मी या लोकांना बाहेर आणीत असताना आपल्या सैनिकांनी गोळीबार केला तर तुम्ही त्यांच्यावर गोळीबार करा. अँड्रिओटा आणि कोलबर्न बंदुका घेऊन आपल्याच सैन्याकडे तोंड करून उभे राहिले. थॉम्पसन भुयाराच्या तोंडाशी गेले व हातवारे करीत आतल्यांना बाहेर बोलावू लागले. म्हातारे, बायका, मुले अशी दहाच्या आसपास माणसे बाहेर आली.

आता अडचण अशी की त्यांच्या लहानग्या यानात एवढी माणसे मावणे अशक्य. त्यांनी वर घिरट्या घालणाऱ्या सशस्त्र हेलिकॉप्टरांच्या वैमानिकांना, आपल्या मित्रांना, खाली बोलावले. लढाईच्या मैदानात सशस्त्र हेलिकॉप्टरने माणसे वाहण्यासाठी उतरणे ही रीतीबाहेरची गोष्ट. तरी ती उतरली व दोन फेऱ्यांत सर्वांना सुरक्षित जागी नेऊन सोडले. या वैमानिकांची नावे फारशी घेतली जात नाहीत : डॅन मिलियन्स आणि ब्रायन लिव्हिंगस्टन. एकट्या थॉम्पसन यांच्या हाताने ती माणसे वाचली नसती, म्हणून नोंद करून ठेवतो.

परतताना ते पुन्हा त्या चरावरून गेले. अँड्रिओटांना कसलीशी हालचाल दिसली. यान उतरताच ते चरात शिरले, कंबरेपर्यंतच्या प्रेतांच्या खचातून चालत गेले आणि रक्ताने माखलेले एक मूल उचलून आणले. मुलाला इजा नव्हती. ते भयाने निश्चल झाले होते. थॉम्पसन यांनी त्याला क्वांग न्गाईच्या रुग्णालयात पोहोचवले. त्या वयाचा मुलगा आपल्याही घरी आहे, हा विचार उड्डाणभर डोक्यात होता, असे त्यांनी पुढे सांगितले.

तळावर उतरताच त्यांनी वरिष्ठांपुढे संतापाने सारी हकिकत मांडली. ती वर लेफ्टनंट कर्नल फ्रँक बार्कर यांच्यापर्यंत गेली आणि हत्या थांबवण्याची आज्ञा सुटली. आसपासच्या वाड्यांत पुढे काय झाले असते, याचा अंदाज वाचकांनीच करावा. तोपर्यंत, अमेरिकी गणनेप्रमाणे ३४७ आणि व्हिएतनामी गणनेप्रमाणे ५०४ माणसे मारली गेली होती. सोन माय येथील स्मारकात ५०४ नावे कोरलेली आहेत.

सैन्याने जाहीर केलेल्या वृत्तात मात्र १२८ शत्रू ठार व तीन शस्त्रे हस्तगत, असे म्हटले होते. वर्गात मी हे दोन आकडे फळ्यावर लिहितो आणि काही न बोलता थांबतो. १२८ लढवय्ये आणि तीन शस्त्रे. सातवीतील मुलालाही हे गणित खटकते. ते त्या वेळी अनेक सुशिक्षित अधिकाऱ्यांना खटकले नाही, किंवा खटकूनही त्यांनी सही केली.

थॉम्पसन यांना शौर्यपदक देण्यात आले. जोडलेल्या प्रशस्तिपत्रात, दोन्ही बाजूंच्या तुफान गोळीबारात सापडलेल्या मुलाला त्यांनी वाचवल्याचे लिहिले होते. त्या दिवशी दुसरी बाजू नव्हतीच. त्यांनी ते पदक फेकून दिले. ग्लेन अँड्रिओटा तीन आठवड्यांनी, ८ एप्रिल १९६८ रोजी, लढाईत मारले गेले. थॉम्पसन टेहळणीची उड्डाणे करीतच राहिले. त्यांची याने शत्रूच्या गोळ्यांनी वारंवार निकामी झाली आणि शेवटच्या अपघातात त्यांच्या पाठीचे हाड मोडले.

वर्षभर प्रकरण दडपलेले राहिले. रॉन रायडनहॉवर या तरुण सैनिकाने सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली हकिकत तपशीलवार लिहून मार्च १९६९ मध्ये लोकप्रतिनिधींना व अधिकाऱ्यांना पत्रे धाडली. नोव्हेंबरात सेमूर हर्श या पत्रकाराने ती वृत्तपत्रांतून उघड केली, रॉन हेबर्ले या लष्करी छायाचित्रकाराची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि जग हादरले. जनरल विल्यम पीअर्स यांच्या चौकशीत थॉम्पसन यांनी साक्ष दिली. संसदेच्या समितीपुढे मात्र ते आरोपी असल्यासारखे उभे होते. समितीचे अध्यक्ष मेंडेल रिव्हर्स यांच्या मते या प्रकरणात शिक्षा व्हावी असा कोणी असेल तर तो आपल्या सैनिकांवर बंदूक रोखणारा हा वैमानिक! एकट्या कॅली यांना दोषी ठरवण्यात आले. मार्च १९७१ मध्ये २२ जणांच्या हत्येबद्दल जन्मठेप झाली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यांना तुरुंगातून काढून स्वतःच्या निवासस्थानी नजरकैदेत ठेवण्याचा आदेश दिला आणि १९७४ मध्ये ते सुटले. कॅली यांना सोडा, असे म्हणणाऱ्या तारांचा पाऊस राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयावर पडला होता.

थॉम्पसन यांच्या घरी वेगळी टपाल येई. धमकीची पत्रे, मध्यरात्रीचे दूरध्वनी, सकाळी दाराशी टाकलेली मेलेली जनावरे. अधिकाऱ्यांच्या क्लबमध्ये ते गेले की इतर उठून जात. बहिष्कार म्हणजे काय हे ज्यांच्या आजोबांनी पाणवठ्यावर अनुभवले त्यांना या वागणुकीचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. भयाण स्वप्ने, दारू, मोडलेले संसार हे सारे त्यांच्या वाट्याला आले. पराक्रमी माणसाचे चरित्र लिहिणारे हा भाग गाळतात. मला तो गाळणे अप्रामाणिक वाटते. योग्य कृती केल्याने झोप चांगली लागते, असे आपण मुलांना सांगतो. थॉम्पसन यांना पुष्कळ वर्षे लागली नाही.

तरीही त्यांनी उड्डाण सोडले नाही. १९८३ मध्ये ते सैन्यातून निवृत्त झाले. मग लुईझियानातील लाफायेट येथे स्थायिक होऊन मेक्सिकोच्या आखातातील तेलविहिरींवर हेलिकॉप्टरने कामगारांची ने-आण केली. पुढे ते त्याच राज्याच्या माजी सैनिक विभागात समुपदेशक झाले आणि युद्धावरून परतलेल्यांच्या अडचणी ऐकू लागले. देश त्यांना विसरला होता. १९८९ मध्ये माय लायवरील एक ब्रिटिश माहितीपट प्रसारित झाला. तो डेव्हिड इगन या निवृत्त प्राध्यापकांनी पाहिला. थॉम्पसन यांची व त्यांची ओळखदेख नव्हती. पण या तिघांचा सन्मान झाला पाहिजे, या मागणीसाठी त्यांनी जवळजवळ नऊ वर्षे पत्रे लिहिली. सैन्याने पदक द्यायचे ठरवले तेव्हा ते गाजावाजा न करता देण्याचा बेत होता. थॉम्पसन यांनी अटी घातल्या : समारंभ जाहीर हवा, आणि दोन्ही साथीदारांनाही तेच पदक हवे. ६ मार्च १९९८ रोजी वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम युद्धस्मारकापाशी थॉम्पसन आणि कोलबर्न यांना सोल्जर्स मेडल देण्यात आले. अँड्रिओटा यांना ते मरणोत्तर मिळाले. हे पदक शत्रूशी लढताना केलेल्या पराक्रमासाठी नसते, अन्य प्रसंगी जीव धोक्यात घातल्याबद्दल असते. यावेळी प्रशस्तिपत्रात खरे लिहिले होते.

आता एका शंकेचा विचार केला पाहिजे, कारण निवासी शाळेत ती उठणारच. आपली शाळा घंटेवर चालते. उठण्याची घंटा, प्रार्थनेची, जेवणाची, अभ्यासाची. गृहपालांचा शब्द मोडला तर शिक्षा आहे. अशा ठिकाणी आज्ञा मोडणाऱ्याचे चरित्र शिकवावे काय? एका माजी सैनिक पालकांनी मला हेच विचारले होते, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. सैन्य आज्ञेवर उभे असते. प्रत्येक जवान स्वतःचा न्यायाधीश झाला तर लढाई दूरच, साधी संचलनाची रांगही टिकणार नाही.

उत्तर कायद्यातच आहे. आपल्या १९५० च्या सैन्य अधिनियमातील कलम ४१ आज्ञाभंगाला कठोर शिक्षा सांगते. पण ते कायदेशीर आज्ञेच्या भंगाबद्दल बोलते. 'कायदेशीर' हा शब्द तेथे शोभेसाठी आलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्ग येथील खटल्यांत, वरून आज्ञा होती हा बचाव मान्य झाला नाही. कॅली यांच्या खटल्यातही पंचांना सांगण्यात आले की सामान्य समज असलेल्या माणसाला जी आज्ञा बेकायदेशीर आहे हे कळावे, ती पाळली म्हणून सुटका होत नाही. निःशस्त्र बाईला आणि तान्ह्या मुलाला मारण्याची आज्ञा त्या वर्गात मोडते. म्हणजे थॉम्पसन यांनी शिस्त मोडली नाही. त्या सकाळी त्या वाडीत शिस्तीत वागणारे तिघेच होते, असे मी त्या पालकांना म्हणालो. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, की गुरुजी, हे खरे असले तरी गोळ्या सुटत असताना हे आठवणे फार कठीण. यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते व आजही नाही. एवढेच म्हणता येते की थॉम्पसन यांच्यापाशीही विचाराला फार वेळ नव्हता. जे आठवले ते स्टोन माउंटनच्या घरात बालपणीच शिकलेले होते. पुढे अमेरिकेच्या सैनिकी अकादम्यांनी त्यांना व्याख्यानांसाठी बोलावले आणि ज्या सैन्याने त्यांना वाळीत टाकले त्याच्याच भावी अधिकाऱ्यांपुढे ते हा प्रसंग सांगत राहिले.

१९९८ च्या मार्चमध्ये, पदकानंतर काही दिवसांतच, थॉम्पसन आणि कोलबर्न सोन मायला गेले. तीस वर्षांपूर्वी वाचवलेल्यांपैकी दोन स्त्रिया त्यांना भेटल्या. त्यांतील एकीने विचारले की ज्यांनी हे केले ते तुमच्याबरोबर का आले नाहीत? थॉम्पसन यांना काय बोलावे सुचेना. तिचे वाक्य पुरे व्हायचे होते. ते आले असते तर आम्हांला त्यांना क्षमा करता आली असती, असे ती म्हणाली. हा प्रसंग थॉम्पसन नंतर अनेकदा सांगत, आणि सांगताना स्वतःविषयी एक कबुली जोडत : मी तेवढा मोठा माणूस नाही, मला त्यांना क्षमा करता येत नाही, यावर खोटे बोलणार नाही.

त्या वेळी गावात एक नवी प्राथमिक शाळा सुरू झाली, तिच्या समारंभाला ते दोघे उपस्थित होते. २००१ मध्ये ते पुन्हा तेथे गेले.

६ जानेवारी २००६ रोजी लुईझियानातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात कर्करोगाने थॉम्पसन यांचे निधन झाले. वय ६२ होते. शेवटच्या दिवसांत कोलबर्न त्यांच्या उशाशी होते. लाफायेट येथे लष्करी इतमामात त्यांचे दफन झाले. बंदुकांच्या तीन फैरी झडल्या आणि वरून हेलिकॉप्टरे उडत गेली.